बाळंतविड्यातली बाळंतीण

"झबली-टोपडी आणू नका, महिनाभरात लहान होतात. द्यायचंच असेल तर पाकीट द्या, तेच उपयोगी पडतं."

बारशाचं आमंत्रण करताना हल्ली हे सर्रास सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्यालाही ते पटतं. सांगणारी माणसं कंजूष नसतात, कोरडीही नसतात. घडी न मोडलेल्या कपड्यांचे गठ्ठे त्यांनी स्वतःच्या घरात पाहिलेले असतात. त्यांच्या म्हणण्यात तीन गोष्टी असतात. कपडे बाळाला पुरत नाहीत, म्हणून ते वाया जातात. पैशातून ज्याला जे हवं ते घेता येतं, म्हणून पैसा सगळ्यात उपयोगी. आणि आता लागेल ती वस्तू दहा मिनिटांत दारात येते, तेव्हा पाहुण्यानं डोकं कशाला चालवायचं?

मी तीन बाळंतपणं केली आहेत. वहिनीचं, धाकट्या बहिणीचं आणि अलीकडे मुलीचं. त्या अनुभवावरून सांगते, यातली एकही गोष्ट पुरती खरी नाही. पाकिटाचा हा सल्ला देणाऱ्याची सोय बघतो, घेणाऱ्या घराची नाही.

मुलीचं बाळंतपण जुलैत आलं. पुण्यात त्या महिन्यात ऊन पडेल याचा भरवसा नसतो. बारसं एका लहानशा हॉलमध्ये केलं आणि संध्याकाळी घरी येऊन सगळ्या भेटी पलंगावर मांडल्या. अकरा फ्रॉक होते, त्यातले सात जाळीचे. दोन वॉकर. चार 'बेबी गिफ्ट सेट', प्रत्येकात पावडर, लोशन आणि तेल, आणि दोन सेटमध्ये दूध पाजायची बाटलीसुद्धा. तीन मऊ अस्वलं. चांदीचे वाळे, करगोटा, वाटी-चमचा. पाकिटं यजमानांच्या पिशवीत होती. त्यातली रक्कम दुसऱ्याच दिवशी हॉल आणि केटररच्या बिलात गेली. मीच मोजून दिली. सगळ्या ढिगात लंगोट मात्र एकही नव्हता.

मी चोवीस लंगोट शिवून ठेवले होते. भरपूर होतील असं वाटलं होतं. पण तान्हं बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा दूध पितं, त्या हिशेबानं लंगोटही बदलावे लागतात. आमच्या बाळाला रोजचे बारा-चौदा लागायचे. जुलैच्या दमट हवेत धुतलेला लंगोट दीड दिवस वाळायचा नाही. रोजचे चौदा आणि प्रत्येक दीड दिवस ओला, म्हणजे एकवीस लंगोट कायम दोरीवर. हाताशी उरले तीन. बारशानंतरच्या तिसऱ्या रात्री दोन वाजता मी कपाटातून जुनी सुती साडी काढली आणि तिचा पदर कात्रीनं कापला. शेजारी पलंगावर अकरा फ्रॉक तसेच पडलेले होते.

त्याच आठवड्यात माझ्या भाच्याचा फोन आला. सव्वीस वर्षांचा मुलगा, लग्न झालेलं नाही, हिंजवडीत नोकरीला. म्हणाला, "आत्या, बारशाला मी गावात नव्हतो. आता येतोय, काय आणू? खरं सांग, तिथे अडतंय कशात?" मी म्हटलं, "कपडे वाळत नाहीत रे." शनिवारी तो कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड, एक छोटा टेबलफॅन आणि पाच मीटर मलमल घेऊन आला. पॅसेजमध्ये स्टँड उघडला, लंगोट एकेक करून झटकून घातले, पंखा लावला. सकाळपर्यंत सगळे खणखणीत वाळले होते. त्यानंतर पंधरा दिवस तो पंखा रात्रभर फिरत होता, आणि त्याच्या आवाजात बाळही झोपत होतं. बाळंतपणाचं ज्ञान त्या मुलाला कुठून असणार? त्यानं फक्त एक प्रश्न विचारला आणि उत्तर मिळाल्यावर तेच आणलं.

आता पहिल्या मुद्द्याकडे येते. कपडे लहान होतात, हे खरं आहे. आपल्याकडे बहुतेक बाळं पावणेतीन-तीन किलोच्या आसपास जन्मतात, पहिल्या काही दिवसांत थोडी उतरतात, दहा-चौदा दिवसांत पुन्हा जन्मवजनाला येतात, साधारण पाच महिन्यांत दुप्पट होतात आणि वर्षात तिप्पट. हे आजचं ज्ञान नाही, आपल्या आज्यांनाही बाळाच्या वाढीचा अंदाज होता. मग बारशाला येणारे सगळेच्या सगळे बाराव्या दिवसाच्या मापाचा फ्रॉक का आणतात? कारण आणताना विचार त्या दिवसाच्या फोटोचा असतो. जुलैत जन्मलेलं बाळ जानेवारीत सहा महिन्यांचं होणार आणि जानेवारीत थंडी असणार. तेव्हा त्या बारशाला सहा ते नऊ महिन्यांच्या मापाचा स्वेटर आणि पायजमे आणले असते तर एकही कपडा लहान झाला नसता. एप्रिलमध्ये जन्मलेल्या बाळाला पहिल्या पावसाळ्यात लांब बाह्यांची पातळ झबली लागणार, डासांपासून हातपाय झाकायला. जन्माचा महिना आणि पुढचा ऋतू, एवढं बोटावर मोजता येतं. देणाऱ्याचं माप चुकलं, म्हणून कपडा द्यायची रीतच वेडेपणाची ठरत नाही.

शिवाय लहान झालेला कपडा वाया जातो, हे कुणी ठरवलं? आमच्या घरात एक कुंची आहे, माझ्या थोरल्या भावासाठी शिवलेली. तीत आजवर सात मुलं गुंडाळली गेली. दर वेळी ती धुऊन, उन्हात घालून, वेखंडाच्या पुरचुंडीबरोबर ट्रंकेत गेली आणि पुढच्या बाळंतपणाला बाहेर निघाली. बाळाचा कपडा एका बाळाला दोन महिने पुरतो आणि एका घराण्याला चाळीस वर्षं. एका बाळापुरता हिशेब करणाऱ्याला तो महाग वाटणारच.

आणि कपडा म्हणजे कोणताही कपडा नव्हे. त्या अकरांतला एक फ्रॉक हौसेनं बाळाला घातला होता. वर टिकल्या, कमरेखाली जाळी, जाळीच्या आत ताठ अस्तर, अस्तराची शिवण आतल्या बाजूला, तीही नायलॉनच्या दोऱ्याची. पाठीला चेन. मानेमागे लेबल, पुठ्ठ्यासारखं कडक. अर्ध्या तासात बाळ किंचाळायला लागलं. काढला तेव्हा दोन्ही काखांत आणि मानेमागे लाल रेघा उठल्या होत्या, आणि मूठ सोडवली तर आत मसुराएवढी चंदेरी टिकली. ती तोंडात गेली असती तर काय, हा विचार आजही अंगावर येतो.

आता आपलं जुन्या पद्धतीचं झबलं घ्या. पातळ सुती कापड. पुढून पूर्ण उघडं, म्हणजे डोक्यातून घालावं लागत नाही. पहिले काही आठवडे बाळ मान धरत नाही, तेव्हा हे किती मोलाचं आहे ते अंगडं घालताना कळतं. बटण नाही, बंद आहेत, आणि बंदाची गाठ कुशीवर येते, पोटावर नाही. नाळ पडायला आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर तिथे काही घासता कामा नये. मुंडा ऐसपैस, कारण तान्ह्या बाळाचा हात बाहीत घालताना आपली दोन बोटं आत घालून तो बाहेर ओढून घ्यावा लागतो. पहिली झबली शिवताना जाणत्या बायका शिवण बाहेरच्या बाजूला ठेवतात. दिसायला ते उलटं दिसतं, पण बाळाच्या अंगाला दोरा लागत नाही. आमच्याकडे पहिले दिवस बाळाला नवं कापड न घालता वापरून मऊ झालेलं घालत, त्यामागेही हीच समज होती. नव्या कापडात खळ असते, वीस वेळा धुतलेल्या धोतरात नसते. कोणत्याही 'सेट'मध्ये मला हे झबलं दिसलेलं नाही. मात्र सुती कापडाचं एक मीटर आणि ओळखीचा शिंपी, एवढ्यात ते होतं.

कुंची आणि दुपटं यांनाही जुनाट म्हणून हसू नये. बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास पाव हिस्सा असतं आणि तिथून ऊब झपाट्यानं जाते. डोकं, कान आणि पाठ एकाच कापडात झाकणारी कुंची म्हणूनच जन्माला आली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 39 गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचं काम उभं केलं. त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आले: नवजात बाळांचे मृत्यू सुमारे 62 टक्क्यांनी घटले. जंतुसंसर्गावर प्रतिजैविकांची इंजेक्शनं हा त्या कामातला मोठा भाग होता. पण गावातल्याच शिकवलेल्या बाया आईला स्तनपान आणि बाळाला ऊब कशी द्यायची, हेही सांगत होत्या. कमी वजनाच्या बाळाला गुंडाळून उबेत ठेवणं तिथे जगण्या-मरण्याशी जोडलेलं होतं. त्या प्रश्नाला कापडाचंच उत्तर लागतं, पाकिटाचं नाही.

दुसरा मुद्दा पैशाचा. पैशातून काहीही घेता येतं, हे हिशेबाच्या वहीत खरं आहे. घरात तसं होत नाही. बारशाच्या पाकिटांचं काय होतं ते मी वर सांगितलंच. आमच्या घरात ते वाईट हेतूनं झालं नाही. पैसे हातात होते, बिल समोर होतं, दिले. बहुतेक घरांत असंच होतं. पाकीट हॉलच्या दाराशी बसलेल्या काकांच्या किंवा मामांच्या पिशवीत जातं, वहीत नावासमोर 501 असा आकडा पडतो, पुढच्या वर्षी त्यांच्या घरच्या कार्याला 501 परत जातात. या सगळ्या फेऱ्यात बाळंतीण कुठे आहे? ती आतल्या खोलीत बाळाला पाजत असते. तिच्या हातात एक रुपयाही येत नाही. आला, तरी तो स्वतःसाठी पंखा घ्यायला खर्च करायची मोकळीक किती घरांत सुनेला किंवा माहेरी आलेल्या मुलीला असते, हे ज्याचं त्यानं आठवावं.

सरकारी योजना आखणाऱ्यांना हे कळलेलं दिसतं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी मिळणारे 5,000 रुपये थेट आईच्या स्वतःच्या बँक खात्यात जातात. आणि महाराष्ट्रानं 2019 च्या सुमारास सरकारी रुग्णालयात पहिल्यांदा प्रसूत होणाऱ्या मातांसाठी बेबी केअर किट सुरू केलं, तेव्हा त्यात कपडे, गादी, मच्छरदाणी, ब्लँकेट, तापमापक आणि आईसाठी गरम कपडा अशा वस्तू ठेवल्या. रोख देणं सोपं असतानाही वस्तू दिल्या.

फिनलंडचं उदाहरण तर या वादात फारच बोलकं आहे. तिथे 1938 पासून सरकार गरीब मातांना बाळासाठी एक पेटी देतं, 1949 पासून ती सगळ्याच मातांना मिळते. मुख्य अट, गरोदरपणात वेळेवर तपासणीला यायचं. पेटीत कपडे, पांघरुणं, झोपायची पिशवी, आणि तळाशी गादी, म्हणजे पेटीच पहिला पाळणा होते. ज्यांना पेटी नको त्यांना पैसे घेता येतात. तरीही पहिलटकरणींपैकी बहुतेक जणी पेटीच घेतात. श्रीमंत देश, दुकानं भरलेली, पैशाचा पर्याय हातात, आणि तिथली आई निवडते ती विचार करून भरलेली पेटी. त्या पेटीतून दुधाची बाटली काढून टाकली गेली, आईच्या दुधाला ती आड येते म्हणून. आपण मात्र बाटली रिबीन बांधून नेतो.

पैसे कुठेच देऊ नयेत असं मी म्हणत नाही. बाळ काचेच्या पेटीत असेल आणि दवाखान्याचं बिल रोज वाढत असेल, तर झबलं नेणं ही क्रूरता होईल. तिथे पैसेच द्यावेत, आणि बारशाची वाट न पाहता द्यावेत. आमच्या इमारतीत धुण्याभांड्याला येणारी एक बाई बाळंत झाल्यावर अडीच महिन्यांत कामावर परत आली. 2017 च्या कायद्यानं प्रसूतिरजा 12 आठवड्यांची 26 आठवडे झाली, पण चार घरची कामं करणाऱ्या बाईपर्यंत ती पोचलेली नाही. अशा बाईला घरी राहू देऊन दोन महिन्यांचा पगार देणं हीच उपयोगी भेट. फक्त ते पैसे तिच्या हातात ठेवावेत, बाजूला नेऊन, दुसऱ्या कुणासमोर नव्हे.

तिसरा मुद्दा दहा मिनिटांत दारात येणाऱ्या वस्तूंचा. डायपर येतात, मान्य. रात्रीसाठी आणि प्रवासात ते कामाचेही आहेत. पुढच्या मापाचा एक मोठा पुडा ही चांगली भेट आहे. पण मागवायचं काय, हे कळायला आईचं डोकं ठिकाणावर लागतं, आणि सलग दोन तासही झोप न मिळालेल्या बाईचं ते कुठून असणार? आणि जे अडतं, ते त्या पिशवीतून येत नाही. माझी मुलगी नवव्या दिवशी रडत होती. कारण विचारलं तर म्हणाली, "आई, मला केस धुवायचेत." मी स्वयंपाकात, जावई कामावर, बाळ मांडीवर. केस धुवायला पाऊण तास लागतो आणि तो पाऊण तास तिला चार दिवस मिळाला नव्हता.

या बाबतीत आपली जुनी मोजणी बघण्यासारखी आहे. आपण सव्वा महिना मानतो. सरकारी आरोग्यसेवेतल्या आशा ताई नवजात बाळाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देतात. सव्वा महिना आणि 42 दिवस, दोन्ही हिशेब जवळपास एकाच ठिकाणी येऊन थांबतात. बाईचं अंग भरून यायला आणि बाळ रुळायला तेवढा काळ लागतोच. आणि आपण सगळे येतो बाराव्या दिवशी, एकदाच, साठ-सत्तर जण मिळून. तेराव्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत घरात कुणी फिरकत नाही. मग भेट बाराव्यालाच का द्यायची? विसाव्या दिवशी दुपारी डबा घेऊन जा: ज्वारीची भाकरी, शेपूची भाजी, पातळ वरण, लसणाची चटणी, चार अळिवाचे लाडू. बाळ घेऊन बसा. तिला आंघोळ करू दे, तासभर झोपू दे. तुम्हाला चहा करायला तिला उठवू नका. माझ्या एका मैत्रिणीनं दोन आठवडे दर मंगळवारी आणि शुक्रवारी दोन ते चार ही वेळ माझ्या मुलीला दिली होती. त्या दोन तासांवर मुलगी उरलेला आठवडा काढायची.

उपयोगी नसलेल्या भेटी नुसत्या पडून राहिल्या असत्या तर मी एवढं लिहिलं नसतं. काही भेटी अपाय करतात, आणि त्या आपण प्रेमानं नेतो. दूध पाजायच्या बाटलीचंच बघा. आपल्या देशात 1992 चा कायदा आहे, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. त्यानुसार बाटलीची आणि दोन वर्षांखालच्या बाळांच्या दूधभुकटीची जाहिरात करता येत नाही, खप वाढावा म्हणून ती आईला फुकट देता येत नाही. जी वस्तू कंपनीनं बाळंतिणीला भेट दिली तर गुन्हा होतो, ती मावशीनं बारशाला नेली की कौतुक होतं. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही. बाटलीची गरज पडलीच तर डॉक्टर सांगतील आणि घरातलं माणूस आणेल.

वॉकर कॅनडानं 2004 मध्ये विकायलाच बंदी केली, कारण त्यातून मुलं जिन्यावरून कोसळत होती. आपले बालरोगतज्ज्ञही तो नको म्हणतात. त्यानं चालणं लवकर येत नाही. पावडरीची धूळ बाळाच्या श्वासात जाते. मऊ अस्वलं आणि उशा बाळाच्या अंथरुणात ठेवू नयेत, नाकातोंडावर येऊ शकतात. मोहरीची उशीही याच यादीत आहे, हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण माझ्या आजीनं ती माझ्यासाठी शिवली होती. पण डोकं गोल होण्यापेक्षा श्वास मोकळा राहणं मोठं. काजळाची डबीही नको, बाजारच्या काही काजळ-सुरम्यात शिसं सापडलेलं आहे. मधाची बाटली तर अजिबात नको, वर्षाच्या आत मध चाटवणं बाळाच्या जिवाला धोक्याचं आहे. जुनं ते सगळं सोनं असं माझं म्हणणं नाही. झबलं मी मागते ते बाळाच्या अंगाला सोसतं म्हणून, आणि उशी नाकारते ती सोसत नाही म्हणून. खेळण्यांचं म्हणाल, तर तान्ह्या बाळाला वीत-दीड वीत अंतरापलीकडचं नीट दिसतच नाही. पाजताना आईचा चेहरा तेवढ्याच अंतरावर असतो. पहिले दोन महिने तोच त्याला पुरतो.

पाकिटाचा आग्रह धरणाऱ्यांना माझा शेवटचा मुद्दा आपल्या भाषेतूनच सांगायचा आहे. आपल्याकडे या भेटीला नाव आहे, बाळंतविडा. झबली, टोपडी, कुंची, दुपटी आणि त्यांच्याबरोबर बाळंतिणीला लुगडं किंवा साडी, चोळीचा खण. शब्दात बाळंतीण आहे. 'बेबी गिफ्ट' म्हणायला लागलो तेव्हा ती शब्दातून गेली आणि मागोमाग भेटीतूनही गेली. त्या पलंगावरच्या ढिगात माझ्या मुलीसाठी एकही वस्तू नव्हती. पुढून उघडणारा सुती गाऊन नव्हता, पाजताना पाठीला लावायचा लोड नव्हता, कोमट पाण्याचा थर्मास नव्हता. बाळ तर तिच्याच अंगावर जगत होतं. तिला झोप मिळाली की त्याला दूध मिळत होतं, तिचं अंग दुखलं की तेही किरकिरत होतं. पहिल्या सव्वा महिन्यात बाळाला लागणारं जवळजवळ सगळं आईतून जातं. म्हणून बाळाला द्यायची उपयोगी भेट आईच्या हातात द्यावी लागते. हे बाळंतविडा भरणाऱ्या बायकांनी ओळखलं होतं. आपण पाकिटावर 'चि. बाळास' लिहून मोकळे होतो.

तेव्हा पुढच्या बारशाचं आमंत्रण आलं की बाळंतिणीला, किंवा तिच्या आईला, सासूला फोन करा आणि भाच्यानं विचारलं तेच विचारा: "तिथे अडतंय कशात?" पहिल्यांदा "काही नको, तुम्ही या" असंच उत्तर येईल. पुन्हा विचारा. लंगोट, स्टँड, मच्छरदाणी, डबा, दोन तास, जे सांगतील ते न्या. आणि घरात जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं धोतर किंवा सुती साडी असेल तर ती बोहारणीला घालू नका. एका धोतराचे बरेच लंगोट होतात. ते स्वच्छ धुऊन, इस्त्री करून, ज्या घरात बाळ येणार आहे तिथे पोचवा.